वापरातला रेझर आणि कपाटातला रेझर

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड वरचेवर बांधावे लागते आणि दर खेपेस काही ना काही मागे टाकून यावे लागते. कोलकात्यास आल्यावर सामान लावताना आमच्या पत्र्याच्या ट्रंकेतून वडिलांचा सेफ्टी रेझर निघाला. पितळेचा, निकेलच्या मुलाम्याचा, तीन भागांत सुटणारा. दांड्याच्या बुडाशी त्यांनी दाभणाने आपल्या नावाची दोन अक्षरे कोरली होती. हा रेझर वापरावा, की जुनी वस्तू म्हणून कपाटात जपून ठेवावा, असा प्रश्न घरात निघाला. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला. परंतु उत्तर शोधताना जो इतिहास चाळावा लागला, तो मात्र क्षुल्लक नव्हता.

आमच्या आजोबांच्या पिढीस स्वतःची दाढी स्वतः करणे ठाऊकच नव्हते. ते काम गावच्या न्हाव्याचे. बलुतेदारीत त्याचा वाटा सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने ठरलेला असे, आणि वार पाहून तो धोकटी घेऊन दारी येई. वस्तऱ्याला निसण्यावर धार लावणे आणि ती दुसऱ्याच्या गळ्यावरून निर्धास्तपणे फिरवणे ही वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी विद्या होती. त्यामुळे वस्तरा ही नुसती वस्तू नव्हती. तिच्यामागे गावाची सारी व्यवस्था उभी होती, आणि त्या व्यवस्थेतला अन्यायही होता. विधवेचे केशवपन याच वस्तऱ्याने होत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवावयाचा नाही, असा निश्चय त्या कारागिरांनी केला. विद्वानांचे शास्त्रार्थ वर्षानुवर्षे चालले होते. पण ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांनी हात आखडता घेतला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. त्या सभेतील एखादा वस्तरा आज कोणा संग्रहात असता, तरी काचेआडून त्याच्याकडे पाहून हे कोणास कळले असते काय?

याच सुमारास अमेरिकेत निराळ्या दिशेने विचार चालू होता. पात्याला संरक्षक दाते बसवून त्वचा वाचवावी, ही कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली तसा रेझर काढला होता. मात्र त्याचे पाते जाड, आणि त्याला वारंवार धार लावणे भाग होते. बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता असलेल्या किंग कँप जिलेट यास १८९५ साली सुचले ते हे, की धार लावण्याची खटपटच नको. पाते इतके पातळ व स्वस्त असावे की बोथट होताच टाकून द्यावे. पण इतक्या पातळ पोलादाला पाणी देणे जाणकारांस अशक्य वाटे. विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने ते साधले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैन्यासाठी ३५ लक्ष रेझर आणि ३ कोटी ६० लक्ष पाती घेतली. सैनिक घरी परतले ते रोज सकाळी स्वहस्ते दाढी करण्याची सवय घेऊनच.

हिंदुस्थानात हे यंत्र प्रथम साहेबाबरोबर आले आणि मग साहेबाच्या कचेरीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी. बदलीच्या गावी ओळखीचा न्हावी नसे आणि कचेरीची वेळ वार पाहून ठरत नसे. नोकरदार मराठी माणसाने रेझर जवळ केला तो हौसेपेक्षा अशा गरजेने.

मात्र पाते परदेशी होते, ही बोच कोलकात्यात अधिक जाणवावयास हवी. विदेशी मालाच्या बहिष्काराचा ठराव ७ ऑगस्ट १९०५ रोजी येथल्याच टाउन हॉलमध्ये झाला. त्याच्या आदल्याच वर्षी 'देशेर कथा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. देशी उद्योग कसे बुडाले याचा हिशोब वंगीय वाचकांपुढे मांडणारे त्याचे कर्ते सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घराण्यातले, देवघरजवळच्या करों गावी जन्मलेले, आणि बंगालीत लिहिणारे. सरकारने १९१० साली ग्रंथावर बंदी घातली. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने त्या मुलखाची भाषा आपली करून काय करून दाखवावे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

साबण, आगकाड्या, कापड यांत स्वदेशी लवकर अवतरली. बर्दवानजवळच्या कांचननगरचे चाकू-सुऱ्या करणारे कारागीर तर नामांकितच होते. दाढीच्या पात्याची गोष्ट वेगळी. ते साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके जाड. हातोडीच्या कसबाने ते होणारे नव्हे. त्यास एकसारखी पोलादी पट्टी आणि अचूक यंत्रे हवीत. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन आयात आवळली गेली तेव्हा, देशी पात्यास खरा वाव मिळाला. त्यात कोलकात्याच्या हरबंसलाल मल्होत्रा अँड सन्स या कारखानदारांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे टोपाझ पाते घरोघरी पोहोचले. मल्होत्रांच्याच दुसऱ्या शाखेचा विद्युत मेटॅलिक्स हा कारखाना ठाण्यास निघाला. येथल्या आरशापुढे उभे राहून ठाण्याचे पाते आणि ठाण्याच्या आरशापुढे कोलकात्याचे, असा हा व्यवहार पूर्वी चाले, याची आम्हांस मौज वाटते.

आता मूळ प्रश्न. जुना रेझर आजही वापरता येतो, याचे कारण पात्याचे माप. १९३० च्या सुमारास तीन भोकांच्या पात्याऐवजी मध्ये लांब खाच असलेले पाते आले, पण ते जुन्या रेझरातही बसेल अशी तजवीज होती. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा रेझर कोपऱ्यावरच्या दुकानातले पाते आजही बिनतक्रार स्वीकारतो. वापराचे हे मोठे अनुकूल कारण झाले.

संग्राहकांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. १९५० नंतरच्या दशकातील अमेरिकन जिलेट रेझरवर एक अक्षर व एक अंक उमटवलेला आढळतो. अक्षरावरून वर्ष आणि अंकावरून तिमाही समजते. असल्या खुणा नोंदवून ठेवणारे हौशी लोक नसते, तर या वस्तूचा इतिहास लिहिताच आला नसता. रसेल स्ट्रीटवरील १९४० सालच्या रसेल एक्स्चेंजसारख्या लिलावाच्या पेढीत जुन्या घरांचे सामान पाहताना आम्हांस वाटते, की वस्तू उरतात, पण त्या कोणाच्या होत्या हे सांगणारा उरत नाही.

आमच्या हातून मात्र मोहाने एक चूक झाली. रेझर कपाटात शोभून दिसावा म्हणून आम्ही तो शहरातल्या एका मुलामेवाल्याकडे दिला. आठ दिवसांनी तो नव्यासारखा लखलखत परत आला, आणि वडिलांनी कोरलेली दोन अक्षरे घासटून नाहीशी झाली होती. कारागिराला दोष काय द्यावा? ती राखावयाची आहेत, हे आम्हीच सांगितले नव्हते. वडिलांच्या तीस-चाळीस वर्षांच्या रोजच्या वापराने जे पुसले गेले नाही, ते आमच्या जपण्याच्या हौसेने पुसले.

तेव्हापासून आमचे मत ठरले आहे. पितळेचा, पाते सरळ धरणारा रेझर खुशाल वापरावा. गरम पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश एवढ्याने तो स्वच्छ होतो. आम्लाचा प्रयोग करू नये. बंगालच्या दमट हवेत तो ओला डबीत कोंडू नये, सोडवून पुसून ठेवावा. मुलामा फुगून आतले जस्त कुजलेला, अथवा बेकलाइटला चीर गेलेला रेझर मात्र तोंडाला लावू नये; तो जपावा. आणि वापरा अथवा जपा, तो कोणाचा, कोठून आला, हे एका चिठोऱ्यावर लिहून डबीत घालावे. पुढच्या बदलीत जड सामान मागे राहील. चिठोऱ्यास वजन नसते.

आमच्या रेझरच्या डबीत आता तशी चिठ्ठी आहे. तीवर ती दोन अक्षरे आम्ही आमच्या हाताने लिहिली आहेत. वडिलांचे वळण काही साधले नाही. रेझर मात्र रोज सकाळी आम्ही वापरतो.