लाइनीतली खोली आणि हक्काचे घर

बोरघाटात मोठा अपघात झाला किंवा दरड आली की एक्स्प्रेसवेची वाहने जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वळवतात आणि खोपोलीच्या शिळफाट्यावर कोंडी होते. तिथे उभ्या असलेल्या शिपायाची पाळी संपली, तरी त्याची सुटका नसते. कायदाच तसा आहे. 1951च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम 28 सांगते की रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असे मानावे. 1861च्या पोलीस कायद्यातही हीच तरतूद होती.

पोलिसाच्या घराचे मूळ या कलमात आहे. चोवीस तास हाताशी हवा असलेला माणूस ठाण्याजवळच ठेवायचा, म्हणून पलटणीच्या धर्तीवर पोलीस लाइन आली. खोली दिली ती नोकरीला. तिच्यात राहणाऱ्या कुटुंबाचा विचार त्या हिशेबात नव्हताच. बदली झाली की खोली सोडायची, मुलांची शाळा मोडायची. क्वार्टर मिळाले की घरभाडे भत्ता बंद, आणि निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत चावी परत. ऐन साठीच्या उंबरठ्यावर, मुलांची लग्ने व्हायची असताना, घर शोधायची पाळी येते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाराशी पहारा केलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे मला अन्यायाचे वाटते.

मुंबईत या कहाणीला बीडीडी चाळींचा मोठा अध्याय जोडला गेला. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. पुढे त्यांतल्या दोन हजारांहून अधिक खोल्या पोलिसांच्या वाट्याला आल्या. 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. रात्रपाळी करून आलेल्या बापाने दिवसा झोपायचे, म्हणून मुलांनी व्हरांड्यात अभ्यास करायचा. अशा खोल्यांत पिढ्या वाढल्या. 2022 साली राज्य सरकारने इथल्या पोलीस कुटुंबांना पुनर्विकासातले घर 15 लाख रुपयांत मालकीने द्यायचे ठरवले. आधी आकडा 50 लाख होता, मग 25 लाख झाला. शिपायाच्या निवृत्तिवेतनाशी पहिल्या आकड्याचा काही मेळ नव्हता.

त्याच्या कितीतरी आधी, 1974 मध्ये, शासनाने पोलिसांच्या घरांसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. आज त्याच्या नावात गृहनिर्माणाबरोबर कल्याणही आहे. 1979च्या फेब्रुवारीत धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने पहिल्याच अहवालात शिपायांच्या निवासाचा प्रश्न घेतला. तरी असंतोष साचत गेला. 1982च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या; 18 तारखेला त्यांच्या संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, शहर पेटले, लष्कर आणावे लागले आणि संघटनेची मान्यता गेली. इंग्लंडमध्येही 1918च्या संपानंतर संघटनेवर बंदी आली होती. मात्र तिथे 1919च्या डेसबरो समितीने मोफत घर किंवा त्याऐवजी भाडेभत्ता हा पोलिसांचा हक्क म्हणून मांडला. आपल्याकडे संघटना गेली आणि घराची मागणी अर्जात राहिली.

मग पोलिसांनी दुसरी वाट धरली: कर्ज काढायचे आणि सहकारी संस्था करायची. महामंडळामार्फत मिळणाऱ्या गृहकर्जाला खात्यात सगळे ‘डीजी लोन’ म्हणतात. ते मध्यंतरी रखडले, तेव्हा किती घरांचे हप्ते आणि हिशेब कोलमडले असतील! याच वाटेवर खालापूर तालुक्यातल्या वयाळला मुंबई पोलिसांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मोठा प्रकल्प आला. मुंबईत परवडत नाही म्हणून घाटाच्या पायथ्याशी यायचे. निवृत्तीनंतर हे चालेल, पण नोकरीत असलेल्याने तिथून रोज मुंबईची पाळी गाठणे म्हणजे झोपेचे तास प्रवासात घालवणे.

याच तालुक्यात 19 जुलै 2023च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा भर पावसात डोंगर चढून जाणाऱ्यांत पोलीस होते. पोलीस असा सदैव कर्तव्यावर हवा असेल, तर त्याच्या घराची मागणी साधी आहे. कलम 28 पाळायला लावणाऱ्या शासनाने बदलीच्या आदेशासोबतच क्वार्टरचे वाटपपत्र द्यावे, आणि गृहकर्ज सेवेच्या सुरुवातीलाच मंजूर करावे, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी घर स्वतःचे झालेले असेल.