खेळयंत्रांवरील मुलुखबंदी
निन्टेन्डो कंपनीने 1983 साली जपानात काढलेले फॅमिकॉम यंत्र 1985 साली नव्या रूपात अमेरिकेत आणले, तेव्हा कॅसेटच्या 60 संपर्कपट्ट्यांच्या जागी 72 केल्या आणि आत एक पहारेकरी चिप बसविली. कॅसेटमधील जोडीदार चिपशी तिचा संकेत जुळला नाही की यंत्र पुनःपुन्हा आरंभाशी येई. हेतू बिनपरवाना मालास अटकाव करण्याचा. तथापि त्याच योजनेने मुलुखांच्या हद्दीही आखल्या गेल्या: एका मुलुखाची कॅसेट दुसऱ्या मुलुखाच्या यंत्रात चालेना. पुढील अमेरिकन सुपर निन्टेन्डोत तर जपानी कॅसेट अडविणारे प्लास्टिकचे दोन उंचवटेच होते; ते पकडीने मोडले की ती बिनतक्रार बसे.

भाषांतराचा खर्च, देशोदेशींचे वयोमर्यादेचे नियम, वितरकांशी झालेले करार ही या बंदीची कारणे सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ हा खेळ 2011 साली युरोपात इंग्रजीत उपलब्ध असता, रीतसर दाम मोजून तो मागविणाऱ्या अमेरिकन ग्राहकाच्या निन्टेन्डो वी यंत्राने तो नाकारावा आणि त्याने 2012 पर्यंत तिष्ठत राहावे, हा माझ्या मते उघड अन्याय होता.

निन्टेन्डोच्या 2017 च्या स्विच यंत्राने ही बंदी उठविली. मात्र 2025 साली जपानात निघालेला स्वस्त स्विच 2 पुन्हा जपानी भाषेपुरता आणि जपानी खात्यांपुरताच ठेवण्यात आला.