पुन्हा चढवलेली खाकी

‘यू लकी पीपल’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट १९५५ साली आला. दिग्दर्शक होते मॉरिस एल्व्ही आणि प्रमुख भूमिकेत होते टॉमी ट्रिंडर. संगीत-नाट्यगृहांच्या रंगमंचावरून वर आलेल्या या लंडनच्या विनोदवीराचे लाडके पालुपद हेच चित्रपटाचे नाव झाले. युद्ध संपवून घरी परतलेले, नोकरी-धंद्यात स्थिरावलेले राखीव सैनिक थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा छावणीत येतात, एवढीच त्याची मूळ कल्पना. ॲडेल्फी फिल्म्स या छोट्या कंपनीने तो काढला होता. त्याच्याकडे आज फारसे कोणी वळत नाही, पण युद्धोत्तर ब्रिटनच्या सामाजिक इतिहासाचा तो चांगला पुरावा आहे.

त्यातली परिस्थिती काल्पनिक नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्या लाखो सैनिकांची नावे ‘झेड’ वर्गाच्या राखीव दलात नोंदलेली होती. गरज पडली तर त्यांना परत बोलावण्याचा अधिकार सरकारकडे होता. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि हा अधिकार कागदावर राहिला नाही. कोरियाला गेलेल्या २९व्या ब्रिगेडमध्ये परत बोलावलेले राखीव सैनिक मोठ्या संख्येने होते. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीच्या लढाईत ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनबरोबर त्यांतले अनेक जण लढले आणि पकडले गेले. त्याच वर्षी पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्या सरकारने झेड वर्गातल्या सुमारे २,३५,००० जणांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बोलावण्याची योजना जाहीर केली. बोलावण्याचे पत्र ज्याच्या हाती पडे, तो आता दुकानदार, कारकून किंवा दोन मुलांचा बाप असे.

याच्या जोडीला तरुणांची सक्तीची लष्करी सेवा, म्हणजे नॅशनल सर्व्हिस, चालू होती. १९४७चा कायदा १ जानेवारी १९४९पासून अमलात आला. सेवेची मुदत अठरा महिन्यांची होती. कोरियाच्या युद्धामुळे १९५० मध्ये ती दोन वर्षांची झाली. तेवढ्यावरही सुटका नसे, कारण पुढे साडेतीन वर्षे राखीव दलात नाव राही. युद्धानंतरच्या काळात वीस लाखांहून अधिक तरुण या सेवेतून गेले. सार्जंटचा आवाज, बुटांना पुन्हा पुन्हा पॉलिश, रांगेतले जेवण यांची ओळख त्यामुळे घराघरांत होती. प्रेक्षकाला काही समजावून सांगावे लागत नसे. लष्करी विनोदाची खरी ताकद यातच होती.

१९५० साली व्हाइटहॉल नाट्यगृहात ‘रिलक्टंट हीरोज’ हे कॉलिन मॉरिस यांचे प्रहसन सुरू झाले. ते चार वर्षांच्या आसपास चालले आणि १९५१ मध्ये त्याचा चित्रपटही निघाला. बोल्टिंग बंधूंचा ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’ १९५६ मध्ये आला, तर ‘द आर्मी गेम’ ही दूरचित्रवाणी मालिका १९५७ ते १९६१ चालली. या कथांत बहुधा नवखा रंगरूट असतो आणि त्याची भंबेरी हाच हशाचा विषय होतो. राखीव सैनिकाची गोष्ट वेगळी. त्याला सैन्य आतूनबाहेरून ठाऊक असते. काम कुठे टाळता येते, कोणत्या अधिकाऱ्याला कसे खूश करावे, हे तो एकदा शिकून आलेला असतो. सार्जंटला तो घाबरत नाही, म्हणून दोघांचा सामना बरोबरीचा होतो. विनोदाच्या दृष्टीने हे पात्र रंगरुटाहून सरस आहे. त्याचा वापर मात्र कमी झाला.

पडद्यावरची नाखुशी प्रत्यक्षात किती गंभीर होऊ शकते, हे सुवेझच्या पेचप्रसंगात दिसले. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनने वीस हजारांवर राखीव सैनिक बोलावले, पण कारवाईला नोव्हेंबर उजाडला. घरदार आणि रोजगार सोडून आलेली माणसे काही महिने निव्वळ वाट पाहत राहिली. माल्टा आणि सायप्रसमधल्या छावण्यांत त्यांच्या असंतोषाला तोंड फुटले. त्यांची तक्रार रास्त होती: काम असते तर त्यांनी ते केले असते.

१९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने सक्तीची सेवा संपवण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कॅरी ऑन सार्जंट’मध्ये विल्यम हार्टनेल यांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सार्जंट साकारला. आपली शेवटची तुकडी सर्वोत्तम ठरेल, अशी पैज तो लावतो आणि नेमके त्याच्या वाट्याला अगदी कच्चे तरुण येतात. ३१ डिसेंबर १९६० रोजी नवी भरती थांबली आणि मे १९६३ मध्ये शेवटचे सक्तीचे सैनिक घरी गेले. ‘कॅरी ऑन’ मालिकेने त्याआधीच, १९५९ मध्ये, छावणी सोडून रुग्णालय आणि शाळेकडे मोर्चा वळवला होता.