माहीमची बुधवारची नोव्हेना

मुंबईतील माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणारी कॅथलिक प्रार्थना. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी स्थापन केलेले हे चर्च लेडी जमशेटजी मार्गावर असून सध्याची इमारत 1973 मधील आहे. निरंतर साहाय्य माता म्हणजेच येशूची आई मरिया हिच्या नावाने येथे 1948 मध्ये ही भक्ती सुरू झाली.

नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करावयाची प्रार्थना. येथे सलग नऊ बुधवार येण्याचा प्रघात आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या भाषांत प्रार्थना होतात. दादर, परळ, लालबागपासून उपनगरांपर्यंतचे लोक येतात. त्यांत हिंदू व इतर धर्मीयही असतात. आजारपण, नोकरी, कर्ज, लग्न, अपत्य, परीक्षा ही गाऱ्हाणी चिठ्ठीत लिहून दिली जातात, तर प्रार्थनेचे फळ मिळालेले लोक आभारपत्रे देतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. ज्याची काळजी, त्याची प्रतिकृती वाहतात.

निरंतर साहाय्य मातेचे पूजनीय चित्र बायझंटाइन शैलीचे आहे. क्रूसाची चाहूल लागून बाळ येशू आईला बिलगला आहे आणि त्याच्या पायातली वहाण निसटून लोंबते आहे. मूळ चित्र रोममध्ये असून पोप नववे पायस यांनी 1866 मध्ये रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मसंघाला त्याच्या प्रसाराचे काम सोपवले.

चर्चच्या शिकवणीनुसार मरिया स्वतः वर देत नाही, भक्तासाठी देवाकडे रदबदली करते. संकट टळेलच अशी हमी या प्रार्थनेत नाही. काळजीचा भार देवावर सोपवणे हा तिचा गाभा होय.