भिंतीआडचा जयजयकार

पंधरा ऑगस्टच्या तालमीत एका सातवीतल्या मुलाने मला मध्येच विचारले, "गुरुजी, हे गाणारे लोक आहेत कुठे?" वर्ग हसला. मी मात्र गप्प झालो. कुसुमाग्रजांचा 'क्रांतीचा जयजयकार' मी इतकी वर्षे ढोलाच्या ठेक्यावर, संचलनाचे गाणे म्हणून बसवीत आलो होतो. आणि त्यातले गाणारे तर एक पाऊलही टाकू शकत नाहीत! ते कोठडीत आहेत, हातापायांत बेड्या आहेत, पोटात अन्न नाही.

ही भूक म्हणजे कवीची नुसती कल्पना नव्हे. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी वारले. अंदमानात १९३३ साली राजबंद्यांनी अन्न वर्ज्य केले तेव्हा तिघांचा बळी गेला. १९३७ मध्ये तिथे पुन्हा उपोषण झाले. १९४२ साली वि. स. खांडेकरांच्या प्रस्तावनेसह 'विशाखा' निघाली, तेव्हा वाचणाऱ्याला हे सारे ठाऊक होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात घरोघरची मुले तुरुंगात गेली. आज ती ओळख पुसली आहे, म्हणून आपण नुसता ठेका ऐकतो.

कवितेत कोण कोणाशी बोलतो ते पाहावे. बंदिवान आधी सोबत्यांना हाक देतात, मग बेड्यांना साप समजून त्यांनाच आव्हान करतात, पुढे कालीला. आवाज चढत जातो. आणि सात कडव्यांच्या मधोमध, चौथ्यात, तो एकदम खाली येतो. आता ते स्वतःच्या श्वासांशी बोलतात, कारण भिंत ओलांडून जाऊ शकेल असे त्यांच्यापाशी दुसरे काही उरलेलेच नाही. निरोप आईला द्यायचा आहे. ही आई म्हणजे देश खरा, पण देशाचे नाव कुठेच नाही, आणि इंग्रजाचेही नाही. त्यामुळे ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरातल्या बाईला तो निरोप आपलाच वाटला असेल.

शब्दांचेही तसेच. खळखळ हा बेड्यांचा नाद आरंभी मुलांच्या अंगावर वाजतो; सहाव्या कडव्यात तोच नाद आईच्या पायातले लोखंड तुटताना ऐकू येतो. एकच आवाज, पण आता सुटकेचा. 'वेड' या शब्दाची तऱ्हा तर याहून न्यारी. आईला सांगताना मुले स्वतःला वेडी म्हणतात, तिच्या मुक्तीचेच वेड होते अशी कबुली देतात, आणि जग आपल्याला वेडेपीर ठरवते हेही सांगतात. 'प्रणिपात' या भारदस्त शब्दाच्या शेजारी 'वेडेपीर' हा चावडीवरचा शब्द! दुसऱ्या कोणाला हे धाडस पेलले नसते.

शेवटचे कडवे मला थोडे अधिकच कर्कश वाटते. तांडव आहे तिथे गिधाडे नसती तरी चालले असते. पण एक गोष्ट खरी, की कविता स्वातंत्र्यापाशी संपत नाही, संहारापाशी संपते. पहाट होणार असे ती म्हणते. ती पहाट गाणाऱ्यांना दिसणार नाही, हेही तिला ठाऊक आहे.

त्या वर्षी मी चौथ्या कडव्यापुरता ढोल थांबवला. ते कडवे त्या मुलाने एकट्याने म्हटले. त्याचा आवाज फुटत होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाही नसेल. पुढच्या कडव्याला ढोलवाला हात उचलायचाच विसरला.