भिसे यांचे वजनयंत्र आणि मांजराचा लिटर बॉक्स

१/ आपोआप साफ होणारा मांजराचा लिटर बॉक्स घरी घडवणारे, त्याचे सर्किट जोडून फर्मवेअरही स्वतःच लिहिणारे हौशी लोक आज अनेक देशांत आहेत. हा उद्योग वरकरणी गमतीचा वाटतो. त्याच्या गाभ्याचा प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याच्याशी मुंबईच्या एका मराठी संशोधकाचे नाव जोडलेले आहे.

२/ आधी मातीविषयी. पूर्वी घरातल्या मांजरासाठी राख किंवा वाळू ठेवत. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो यांनी त्याऐवजी मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती विकायला आरंभ केला. पुढे बेंटोनाइट आले. ते भिजताच त्याचा गोळा होतो आणि गोळा फणीने वेगळा काढता येतो. त्यातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. वाशीम जिल्ह्यात अनसिंगच्या शिवारातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तीही याच कुळातील खनिजांमुळे.

३/ गोळा काढायला एक मोटर पुरते. अवघड आहे ते मोटर केव्हा फिरू नये, हे ठरवणे. मांजर आत असताना फणी चालली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून यंत्राला वजनावरून निर्णय घ्यावा लागतो.

४/ शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ चा, मुंबईचा. महालेखापालांच्या कार्यालयात नोकरी करीत असताना त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत भाग घेतला. साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवा, असा विषय होता. भिसे यांचा आराखडा पहिला आला आणि त्यांना इंग्लंडची वाट मोकळी झाली. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले. मुद्राक्षरे ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’मुळे ते पुढे विशेष प्रसिद्ध झाले, पण त्यांच्या कल्पनांत आपोआप पाणी सोडणारे शौचपात्रही होते!

५/ अशा वजनयंत्राचा पेच एकच: ठरलेला भार होताच धार थांबली पाहिजे. लिटर बॉक्समध्येही थांबण्याचाच प्रश्न आहे. फक्त येथे तुला आणि दांडी यांच्या जागी पेटीखालचे लोड सेल आहेत. त्यांचा सूक्ष्म विद्युत्संकेत एचएक्स७११ ही चिप २४ बिटांच्या अंकात बदलते आणि पुढचा निर्णय फर्मवेअर घेते.

६/ त्याच्या अवस्था चार: रिकामी पेटी, मांजर आत, प्रतीक्षा, सफाई. वजन उतरले तरी काही मिनिटे थांबायचे, कारण गोळा घट्ट व्हायला वेळ लागतो आणि मांजर परतूही शकते. सफाई चालू असताना वजन वाढले, तर मोटर तत्काळ बंद.

७/ खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. वीज परतताच कंट्रोलर नव्याने जागा होतो. त्या क्षणीचे वजन त्याने ‘शून्य’ मानले आणि नेमके तेव्हा मांजर आत बसलेले असले, तर यंत्राच्या लेखी मांजर अस्तित्वातच नसते. म्हणून रिकाम्या पेटीचे वजन कायम स्मृतीत नोंदवावे लागते. शंका असेल तेव्हा मोटर बंदच ठेवावी लागते. जुन्या तराजूची दांडी विजेवाचूनही भार दाखवीत असे. फर्मवेअरला ही आठवण मुद्दाम शिकवावी लागते.

८/ भिसे १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले. यंत्रांचा इतिहास आपण बहुधा वेग आणि शक्ती यांच्या मापाने लिहितो. तो ‘केव्हा थांबावे’ या प्रश्नाच्या अंगानेही लिहिता येतो. त्या इतिहासात किराण्याचे वजनयंत्र आणि मांजराची पेटी एकाच प्रकरणात बसतात.