परदेशातली वर्षे आणि तळेगावची भट्टी

पुणे-लोणावळा लोकल देहूरोड सोडून बेगडेवाडी, घोरावाडी अशी थांबत तळेगावला पोचते. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग 1858 साली सुरू झाला. पुढे पन्नास वर्षांनी याच मार्गावरच्या तळेगावात काचेची भट्टी पेटली. तिच्यामागे परदेशात राहून शिकण्यात गेलेली एका तरुणाची वर्षे होती, आणि गावोगावच्या लोकांनी दिलेला एकेक पैसाही.

दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. बांगड्या आणि कंदिलाच्या चिमण्या त्या काळी मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येत, म्हणून या ‘पैसा फंडा’ने काच निवडली. 1908 साली कारखाना सुरू झाला. त्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर भारतीय तरुणाकडे होती. तो आधी जपानात आणि मग अमेरिकेत बोस्टनच्या एमआयटीत शिकून आला होता.

जपानची निवड त्या पिढीला स्वाभाविक वाटत होती. 1905 साली जपानने रशियाला हरवले आणि आशियाई देशही यंत्रविद्येत पुढे जाऊ शकतो हे सर्वांना दिसले. कलकत्त्यात 1904 साली स्थापन झालेली एक संस्था तर विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणासाठी परदेशी पाठवू लागली. मात्र जपानात गेलेल्याला आधी भाषाच शिकावी लागे. शिवाय काचेची विद्या नुसत्या पुस्तकातून येत नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण लिहून घेता येते. पण रस फुंकणीवर कधी घ्यावा आणि तयार भांडे किती सावकाश निववावे, हे भट्टीपाशी उभे राहूनच कळते. घाईने निवलेली काच तडकते.

परक्या देशात रुळण्याचा अनुभव मराठी समाजाला याआधीच आला होता. आनंदीबाई जोशी 1883 साली अठराव्या वर्षी अमेरिकेत गेल्या. समुद्र ओलांडणे हाच तेव्हा धर्मलोप मानला जाई. त्यांनी शाकाहार सोडला नाही, पण थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. काय सोडायचे आणि काय राखायचे, हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. परदेशवासाचा खरा कस तिथेच लागतो. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांना मायेचा आधार मिळाला. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. 1886 साली त्यांनी फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी मिळवली.

विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते. वर्गाइतकेच ते बाहेरही शिकले. सुट्टीत ते हिंडत, तिथल्या गरिबांची वस्ती आणि त्यांच्यासाठी चाललेले काम पाहत, रोजनिशी लिहीत आणि ‘सुबोधपत्रिके’ला प्रवासाची पत्रे पाठवत. परतल्यावर 1906 साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. परदेशातला काळ कारणी लावणे कशाला म्हणतात, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

तळेगावात हेच कारखान्याच्या रूपाने घडले. परदेशी शिकलेली कृती इथे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती: वाळू निराळी, कोळसा निराळा, आणि भट्टीपाशी उभे राहणारे कारागीर या कामाला नवखे. म्हणून कारखान्याबरोबर शिक्षणही चालवले गेले. एका माणसाने दूर देशी कमावलेले ज्ञान इथे मराठी मुलांच्या हातांत उतरले, ही पैसा फंडाची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल. वार्ष्णेय पुढे संयुक्त प्रांतात गेले आणि बहजोई इथल्या काच कारखान्याशी त्यांचे नाव जोडले गेले. तळेगावात तयार झालेले कारागीरही देशातल्या इतर काच कारखान्यांत कामाला लागले.